वाचकांचे प्रश्न : साहसाची पदवी घ्यावी का?

मागच्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं की डोंगरात माणसं नेण्याचं शास्त्र आता विद्यापीठांत शिकवलं जातं. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली तेवढी आख्ख्या लेखावर आली नाहीत. बारावीची मुलं, त्यांच्या आया, शनिवार-रविवारी ग्रुप नेणारे नोकरदार, भूगोलाचे विद्यार्थी, सगळ्यांनी लिहिलं. मी नाशिकला प्रस्तरारोहणाचे आणि नेतृत्वाचे वर्ग घेते, त्यामुळे हेच प्रश्न वर्गातही रोज समोर येतात. पाच पत्रं निवडली आहेत, नावं गाळली आहेत, पत्रं थोडी कापली आहेत.

"ताई, मी अकोले तालुक्यातला. यंदा बारावी कला झालो. आमचं गाव हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला. लहानपणापासून पाहुण्यांना गडावर नेतो. पावसाळ्यात दर शनिवारी आमच्या घरी पंचवीस-तीस माणसं जेवायला असतात. एका ग्रुपचे सर म्हणाले की यात पदवी असते. वाट दाखवायला पदवी कशाला लागते? आणि घ्यायचीच तर कुठली? माझं इंग्रजी बेताचं आहे."

वाट दाखवायला पदवी लागत नाही. टोलार खिंडीतून धुक्यात माणसं कशी आणायची, पाचनईच्या वाटेवर कातळ कुठे शेवाळतो, हे तुला कुठलं विद्यापीठ शिकवणार? त्यासाठी विद्यापीठांनीच तुझ्याकडे यायला हवं, आणि हे मी मनापासून लिहिते आहे.

आता एक प्रसंग डोळ्यांपुढे आण. तुझ्या ग्रुपमधले पन्नाशीचे एक काका अर्ध्या वाटेत खाली बसतात. घाम सुटलाय, छातीवर दाब आहे, डावा हात जड पडलाय. ते स्वतःच म्हणतात, "ॲसिडिटी आहे रे, सकाळी वडापाव खाल्ला." ग्रुपचा लीडर पुढे निघून गेलाय, मागे तू, काका आणि आणखी काही जण. वाट तुला पाठ आहे, पण आता वाटेचा प्रश्नच नाही. काकांना चालवत खाली आणायचं नाही, जागीच टेकवून बसवायचं, हे तुला माहीत हवं. जिथे मोबाइलला रेंज मिळेल अशा जागी एकाला पिटाळायचं, त्याच्या हातात चिठ्ठी द्यायची आणि चिठ्ठीत वय, वेळ, लक्षणं आणि नेमकी जागा लिहायची, कारण धावत गेलेला माणूस अर्ध्या गोष्टी विसरतो. गावातून डोली आणि खांदेकरी बोलवायचे. उरलेल्यांना कुठे थांबवायचं, कोणाच्या ताब्यात द्यायचं, ते ठरवायचं. हे सगळं दहा मिनिटांत. साहस नेतृत्वाच्या कुठल्याही चांगल्या अभ्यासक्रमाचा निम्मा भाग म्हणजे ही दहा मिनिटं.

उरलेला निम्मा तुझ्या घरातला आहे. तीस माणसं जेवतात, हात धुतात, अंघोळीला पाणी मागतात. ते पाणी येतं कुठून, आणि एप्रिलमध्ये तुझ्या आईला हंडा घेऊन किती लांब जावं लागतं? जेवणाचा दर तुम्ही ठरवता की पुण्या-मुंबईचा ग्रुप ठरवतो? गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तर तंबू कुठे लावायचे, शेकोटी पेटवायची की नाही, याचे नियम पाहुण्यांना कोण सांगतं? अभ्यासक्रमात याला शाश्वत पर्यटन म्हणतात. शब्द ऐकायला जड आहे. आत बघितलंस तर तुझ्या गावाच्या पाण्याचा, पैशाचा आणि जंगलाचा हिशेब आहे.

म्हणून माझा सल्ला असा. गाव सोडू नकोस. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून मराठीत बी. ए. करता येतं, हंगाम सांभाळून. त्याच काळात गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स कर. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयन गिर्यारोहण संस्था, मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था, या सगळ्या सरकारी आहेत, त्यामुळे खासगी क्लासच्या मानानं फी परवडते. कोर्स साधारण २८ दिवसांचा. जागा फार आधी भरतात, अर्ज आजच कर. तिथले उस्ताद बहुतेक हिंदीत बोलतात, इंग्रजीची धास्ती घेऊ नकोस. 'अ' श्रेणी मिळाली तरच पुढच्या ॲडव्हान्स कोर्सला दार उघडतं, आणि ती श्रेणी नुसत्या दमसासावर मिळत नाही. सकाळी वेळेवर कोण उभा राहतो, दुसऱ्याचा दोर कोण गुंडाळतो, तंबू कोण झाडतो, हे सगळं उस्ताद बघत असतात. गावाकडच्या मुलांना हे वेगळं शिकवावं लागत नाही, म्हणून तुझ्याबद्दल मला काळजी नाही.

आणि आजपासून एक वही घाल. तारीख, वाट, माणसं किती, निघालो कधी, परतलो कधी, हवा कशी होती, आणि शेवटच्या रकान्यात: आज ठरवलेलं काय बदललं आणि का. ब्रिटनमध्ये माउंटन लीडर हे प्रमाणपत्र आहे. त्याच्या प्रशिक्षणाला बसण्याआधी २० आणि परीक्षेआधी ४० दर्जेदार डोंगरदिवस नोंदवलेले लागतात. तुझे असे दिवस कधीच होऊन गेलेत, पण कुठे लिहिलेले नाहीत. न लिहिलेला अनुभव परीक्षकाला दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही नीट दिसत नाही.

"माझ्या मुलीला बारावी विज्ञानला ८८ टक्के आहेत. इंजिनिअरिंग सोडून न्यूझीलंडला 'आउटडोअर एज्युकेशन' शिकायला जायचं म्हणते. हे शिक्षण आहे की सहल? घर गहाण ठेवून पैसे उभे करायचे, आणि परत आल्यावर करणार काय? शिवाय जिवाची भीती वाटते ती वेगळीच." – एक आई, ठाणे

ताई, तुमच्या तिन्ही शंका रास्त आहेत. जिवाच्या भीतीपासून सुरुवात करते, कारण हे शिक्षण तिथे एवढं गंभीरपणे का घेतात ते त्यातूनच कळेल.

१५ एप्रिल २००८. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर टोंगारिरो राष्ट्रीय उद्यानाजवळ मांगाटेपोपो नावाची अरुंद घळ आहे. ऑकलंडच्या एका शाळेतले १० विद्यार्थी, त्यांचे एक शिक्षक आणि एक प्रशिक्षिका असा गट त्या घळीत उतरला. वर जोराचा पाऊस झाला आणि ओढ्याला लोंढा आला. गट एका कपारीवर अडकला, आणि तिथून बाहेर पडण्याच्या प्रयत्नात ६ विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक वाहून गेले. सगळा देश हादरला. त्या आणि तशा इतर अपघातांनंतर सरकारनं साहसी उपक्रमांचा आढावा घेतला आणि २०११ मध्ये नियम आणले: पैसे घेऊन असे उपक्रम चालवणाऱ्यानं नोंदणी करायची आणि बाहेरच्या तज्ज्ञांकडून सुरक्षेचं ऑडिट करून घ्यायचं. ब्रिटनमध्येही असंच घडलं होतं. १९९३ मध्ये लाइम बे इथे समुद्रात कायाकिंगला नेलेली ४ मुलं दगावली आणि १९९५ मध्ये मुलांच्या साहस केंद्रांसाठी परवान्याचा कायदा झाला. तुमच्या मुलीला जे शिकायचंय त्यातली बरीच पानं अशी लिहिली गेली आहेत. म्हणून मी याला सहल म्हणणार नाही.

आता प्रत्यक्ष शिकवतात काय? क्राइस्टचर्चच्या आरा संस्थेत शाश्वतता आणि आउटडोअर शिक्षण अशी पदवी आहे. नाव बघा, दोन्ही विषय एकत्र आहेत. जवळच लिंकन विद्यापीठात राष्ट्रीय उद्यानं आणि मनोरंजन-पर्यटनाच्या नियोजनाचा अभ्यास जुना आहे. कॅनडात कॅमलूप्सच्या थॉम्पसन रिव्हर्स विद्यापीठात साहस अभ्यासाचा स्वतंत्र विभाग आहे. दोर, होडी, बर्फ हे सगळं असतंच. त्याबरोबर समूहाचं मानसशास्त्र, परिसंस्था, स्थानिक जमातींचे जमिनीवरचे हक्क, कायदा, विमा, अंदाजपत्रक हेही असतं. तिथल्या मूळच्या मावरी लोकांचं डोंगर-नद्यांशी असलेलं नातं न शिकता न्यूझीलंडमध्ये कुणी चांगला आउटडोअर शिक्षक होऊ शकत नाही, आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आपल्याकडे गडावर माणसं नेणाऱ्या किती जणांना पायथ्याच्या महादेव कोळी किंवा ठाकर वस्तीबद्दल चार वाक्यं धड सांगता येतात?

पैशांबद्दल स्पष्ट बोलते. घर गहाण ठेवून जाऊ नये. या क्षेत्रातले पगार इंजिनिअरसारखे नसतात, आणि काम हंगामी असतं: उन्हाळ्यात एका केंद्रावर, हिवाळ्यात दुसऱ्या. व्हिसाचे नियम बदलत राहतात, त्यामुळे तिथे राहून कर्ज फेडू हे गणित मांडू नका. दुसरं, पदवी मिळाली म्हणजे दोर हातात मिळाला असं तिथेही नसतं. प्रशिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या परीक्षा वेगळ्या द्याव्या लागतात, कायाकिंगची वेगळी, रॉक क्लाइंबिंगची वेगळी.

मुलीला मी असं सांगेन. आधी इथे बेसिक कोर्स कर. २८ दिवस पाठीवर ओझं घेऊन पहाटे उठायला लागलं की हौस आणि ओढ यातला फरक तिचा तिलाच कळेल. मग इथेच पदवी घे: पर्यावरणशास्त्र, मानसशास्त्र, भूगोल, काहीही. त्यानंतर दोन वर्षं काम कर आणि पदव्युत्तर शिक्षणाला बाहेर जा. एडिनबरा विद्यापीठात आउटडोअर शिक्षणात एम. एस्सी. करता येतं. तोवर तिच्याकडे सांगण्यासारखा अनुभव असेल आणि शिष्यवृत्तीच्या अर्जात लिहायला काहीतरी असेल.

आणि कुठल्याही संस्थेला, देशातल्या असो की परदेशातल्या, तुम्ही स्वतः पत्र लिहून विचारा: वर्षातले किती दिवस मुलं मैदानावर असतात? एका शिक्षकामागे किती विद्यार्थी? विद्यार्थ्याच्या नोंदवहीवर सही कोण करतं, आणि त्या माणसाची स्वतःची पात्रता काय? गेल्या काही वर्षांत अपघात झाले असतील तर त्यानंतर काय बदललं? शेवटच्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर देणारी संस्था चांगली. "आमच्याकडे अपघात होतच नाहीत" असं उत्तर आलं तर तिथे मुलीला पाठवू नका.

"मी पुण्यात आयटीत आहे. काही वर्षं वीकेंड ट्रेक नेतोय. सोशल मीडियावर टाकलं की हरिहरला दोन बसभर माणसं जमतात, ७०-८० जण. माझ्याबरोबर तीन-चार मित्र असतात. आजवर कुणाला खरचटलंही नाही. तरी हल्ली जो तो प्रमाणपत्र विचारतो. कोर्सला सुट्टी मिळत नाही. खरंच गरज आहे का?"

आहे. आणि ८० माणसं तुम्ही पुढच्या शनिवारपासूनच बंद करावीत असं मला वाटतं.

"आजवर काही झालं नाही" या वाक्यावरच बोलू. इयन मॅकॅमन या अभ्यासकानं अमेरिकेतले हिमस्खलनाचे सातशेहून अधिक अपघात तपासले. त्यातल्या कित्येक गटांना धोक्याच्या खुणा दिसत होत्या, काहींनी हिमस्खलनाचं प्रशिक्षणही घेतलेलं होतं. तरी ते का गेले? वाट ओळखीची होती. ठरवलंय तर जायचंच, असं मनानं घेतलं होतं. ग्रुपमधला जाणता माणूस म्हणतोय म्हणजे ठीकच असणार. पुढे दुसरी माणसं दिसतायत, मग आपणही जाऊ. या चारही गोष्टी तुमच्या हरिहरच्या सकाळी हजर असतात. डोंगर दर वेळी गुण देत नाही. चुकीचा निर्णय घेऊनही सुखरूप परत आलात तर तो निर्णय बरोबर होता असंच मनात ठसतं, आणि पुढच्या वेळी आपण आणखी एक पाऊल पुढे टाकतो.

हरिहरच्या पायऱ्या तुम्हाला ठाऊक आहेत. उभ्या कातळात कोरलेल्या, दोन्ही बाजूंना धरायला खोबण्या, एका वेळी एकच माणूस नीट चढेल एवढी रुंदी. वरून उतरणारा आणि खालून चढणारा समोरासमोर आला की एकाला कडेला अंग चोरून उभं राहावं लागतं. रविवारी सकाळी मी तिथे रांग बघितली आहे. पाठीवर सॅक, एका हातात मोबाइल, पायात गुळगुळीत तळाचे बूट, आणि मधल्या पायरीवर एक मुलगी पाय लटपटायला लागल्यामुळे थिजून उभी. तिच्या वर पंधरा, खाली वीस माणसं. तिचा लीडर वर दरवाजापाशी फोटो काढत होता. ती पडली असती तर एकटी पडली नसती. त्या क्षणी तिच्या खालच्या पायरीवर जाऊन, तिचा पाय हातानं धरून खोबणीत टेकवून, तिच्याशी शांतपणे बोलत एकेक पायरी उतरवणारा माणूस हवा असतो. ८० जणांमागे चार मित्र असतील तर तो माणूस तिथे पोचतच नाही. सोप्या वाटेवर मी आठ-दहा जणांमागे एक प्रशिक्षित माणूस धरते, कातळटप्पा असेल तर चार-पाच जणांमागे एक. पैसे कमी सुटतील, हे मान्य करूनच सांगते आहे.

दुसरं पाणी. जून २०२४ च्या अखेरीस लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली ५ माणसं वाहून गेली. तुम्ही पावसाळ्यात ओढे ओलांडून ग्रुप नेत असाल. जाताना ओढ्याच्या काठावर, पाणी जेमतेम टेकेल असा एक दगड ठेवा आणि एकाला त्यावर नजर ठेवायला बसवा. दहा मिनिटांत दगड बुडला तर परत फिरा, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी, कारण पाऊस वर घाटमाथ्यावर पडतोय. पाणी अचानक गढुळलं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज भरदार झाला, तर दगडाचीही वाट बघू नका. हे मी वर्गात शिकवते तेव्हा मुलांना काठावर बसवूनच शिकवते, फळ्यावर सांगून ते अंगात उतरत नाही.

राहता राहिला कायदा. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही प्रकारच्या उपक्रमांसाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आणि सुरक्षेचे नियम त्यात आहेत. तुम्ही माणशी पैसे घेता, म्हणजे तुम्ही हौशी मित्रमंडळ राहिलेला नाही, आयोजक आहात. जगात २०१४ पासून आयएसओ २११०१ हे साहसी पर्यटनाच्या सुरक्षा व्यवस्थापनाचं मानक आहे. ते वाचलंत तर कळेल की त्यातला मोठा भाग कागदाचा आहे: धोके आधी लिहून काढा, कोण काय करेल ते लिहा, अपघात होता होता टळला तर तेही लिहा. तुमच्या ऑफिसात हे रोज करता, डोंगरात का नाही?

सुट्टीचं म्हणाल तर २८ दिवस एकदम मिळत नसतील हे समजू शकते. निर्जन भागातल्या प्रथमोपचाराचा १६ तासांचा कोर्स असतो, दोन दिवसांत होतो. त्याच्या पुढचा, ज्याला वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर म्हणतात, तो ७०-८० तासांचा. मसुरीचं हॅनिफल सेंटर या कोर्सेससाठी ओळखलं जातं. तिथून सुरुवात करा. महाराष्ट्रात डोंगरातल्या बचावकार्यासाठी महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, वेगवेगळ्या गावांतले स्वयंसेवक त्याला जोडलेले असतात. त्यांच्या सरावाला जा. पहाटे तीनला, पावसात, निसरड्या वाटेवरून स्ट्रेचर उचलायला किती माणसं लागतात आणि ती किती वेळात दमतात, हे एकदा खांद्यानं अनुभवा. मग ८० जणांची पोस्ट टाकायला तुमचाच हात धजणार नाही.

"भूगोलात एम. ए. करतेय, साताऱ्याजवळ राहते. कासला हंगामात स्वयंसेवक म्हणून काम केलंय. शाश्वत पर्यटनात पुढे शिकायचंय, पण सगळे म्हणतात तो नुसता शब्दांचा खेळ आहे. तुमचं मत?"

ज्यांना कास दाराशी आहे त्यांनी तरी हा शब्दांचा खेळ म्हणू नये. कासचा सडा म्हणजे कातळावर मातीचा पातळ थर. त्यावरून गर्दी चालली की माती दबते, पाणी मुरत नाही, आणि इवल्या वनस्पतींना दुसरीकडे जायला जागा नसते. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांपैकी एक म्हणून कास जागतिक वारसा यादीत गेलं आणि गर्दी उसळली. मग दिवसाला ३००० पर्यटकांची मर्यादा, ऑनलाइन नोंदणी, आसपासच्या गावांच्या समितीकडे व्यवस्थापन, हे सगळं तू जवळून बघितलंसच. कुंपण घातलं गेलं आणि पुढे ते काढलं गेलं, कारण गुरांची आणि वन्यप्राण्यांची ये-जा थांबल्यानं फुलांवर परिणाम होतोय असा मुद्दा आला. या एका कुंपणावर तुझा प्रबंध उभा राहील.

एक पद्धत तुला नक्की वाचायला सांगते. किती माणसं सोडायची, या प्रश्नाभोवती अभ्यासक बरीच वर्षं अडकले होते. १९८५ मध्ये अमेरिकेच्या वनसेवेतल्या संशोधकांनी प्रश्नच बदलला: इथे किती बदल आपल्याला चालेल? तो ठरवा, तो मोजता येईल अशा खुणा निवडा, दर वर्षी मोजा, आणि रेष ओलांडली की व्यवस्था बदला. याला स्वीकारार्ह बदलाच्या मर्यादा म्हणतात. कासवर खुणा कोणत्या? ठरावीक चौकोनातली फुलझाडं, पायवाटेची रुंदी, गाड्यांची रांग, समितीतल्या किती घरांना हंगामात काम मिळालं, कास तलावाचं पाणी. तू तिथलीच आहेस, ही मोजणी तुझ्याइतकी चांगली कुणी बाहेरून येऊन करणार नाही. कुठे कसं जमवलंय ते बघायचं असेल तर न्यूझीलंडचा मिलफर्ड ट्रॅक बघ. हंगामात तिथे दिवसाला फक्त ४० स्वतंत्र पदयात्री सोडतात आणि सगळे एकाच दिशेनं चालतात. आपल्या अरुंद वाटांच्या गडांवर निदान वेळ वाटून एकदिशा चढ-उतार ठेवता येईल का, याचा कुणीतरी गंभीरपणे अभ्यास करायला हवा. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यं म्हणून १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले ११ आपल्याकडचे आहेत. साल्हेर आणि राजगडावर उद्या कासइतकी गर्दी झाली तर पाण्याच्या टाक्यांचं काय होईल, या विचारानं मला झोप लागत नाही. शौचासाठी पाण्यापासून निदान ७० पावलं लांब जाऊन वीतभर खड्डा खणायचा, हा जगभरचा नियम आहे. कातळी माथ्यावर खणायचं कुठे? म्हणजे आपले नियम आपल्यालाच बसवायला लागतील, आणि त्यासाठी भूगोल शिकलेली माणसं लागतील.

संस्थांचं म्हणशील तर केंद्र सरकारची भारतीय पर्यटन आणि प्रवास व्यवस्थापन संस्था १९८३ मध्ये सुरू झाली, आता ती ग्वाल्हेरला आहे. पर्यटनात एम. बी. ए. करता येतं, आणि तिचं गोव्याचं केंद्र जलक्रीडांचं प्रशिक्षण देतं. पण तुझा कल मोजणीकडे, मातीकडे दिसतो. मी तुझ्या जागी असते तर भूगोलातच पीएच. डी. केली असती आणि कास हाच विषय घेतला असता.

"बेसिकला आणि ॲडव्हान्सला 'अ' श्रेणी आहे. घरचे म्हणतात मुलींना यात कोण नोकरी देणार?" – वय २४, कोल्हापूर

बचेंद्री पाल १९८४ मध्ये एव्हरेस्टवर गेल्या, आणि त्यानंतर टाटा स्टीलच्या साहस प्रतिष्ठानाची धुरा त्यांनी कित्येक वर्षं सांभाळली. हे घरच्यांना सांग.

तुझ्यासाठी मार्ग सरळ आहे. दोन्हीकडे 'अ' आहे, तर प्रशिक्षकाचा मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन कोर्स लगेच कर. निवासी शाळांना शिबिरांसाठी महिला प्रशिक्षक हव्याच असतात, कारण मुलींच्या तंबूची, आजारपणाची जबाबदारी द्यायला माणूस मिळत नाही. पण त्यांनी तुला फक्त मुलींच्या तंबूपुरतं ठेवू नये. दोराची आणि मार्गाची जबाबदारी मिळणार का, हे मुलाखतीतच विचार. अर्जाबरोबर नोंदवही जोड. विमा कोणाचा, पावसाळ्यातले चार महिने पगार सुरू राहणार की नाही, आणि गिर्यारोहणाच्या मोहिमेसाठी वर्षातून एकदा रजा मिळणार का, हे तिन्ही लेखी घे.

पुढच्या अंकासाठी सागरी साहसाबद्दलची पत्रं वेगळी ठेवली आहेत. कोकणातल्या वाचकांनी स्कूबा आणि कायाकिंगच्या प्रशिक्षणाबद्दल काही विचारायचं असेल तर महिनाअखेरपर्यंत लिहा, आणि वय, शिक्षण, पोहता येतं का, हे न विसरता कळवा.